कॉन्ट्रास्टची रिअ‍ॅक्शन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

सीटी स्कॅन किंवा एमआरआय करताना शिरेतून जे कॉन्ट्रास्ट दिले जाते, त्याच्या दुष्परिणामांविषयी ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. बोलताना आपण सर्रास ‘डाय टाकून सीटी’ असे म्हणतो. पण हा रंग नव्हे, तर पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. सीटीच्या कॉन्ट्रास्टमध्ये क्ष-किरण अडवणारे आयोडीन असते आणि एमआरआयच्या कॉन्ट्रास्टमध्ये गॅडोलिनियम हा धातू असतो. ही दोन अगदी वेगळी औषधकुळे आहेत हे आरंभीच लक्षात ठेवावे, कारण पत्रांतील निम्मा गोंधळ ती एकच समजल्यामुळे झालेला दिसतो.

प्रश्न : माझे वय ५८ वर्षे. दोन वर्षांपूर्वी पोटाच्या सीटी स्कॅनच्या वेळी इंजेक्शन देताच सर्वांगात गरम वाफ गेल्यासारखे झाले, तोंडाला धातूची चव आली, लघवी झाल्याचा भास झाला आणि एकदा उलटी झाली. तेव्हापासून माझ्या फाइलवर लाल शाईने ‘कॉन्ट्रास्ट अ‍ॅलर्जी’ असे लिहिलेले आहे. आता सर्जनना पुन्हा कॉन्ट्रास्टसह सीटी हवा आहे आणि सेंटर नकार देत आहे. काय करावे? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : आपण वर्णन केलेली लक्षणे अ‍ॅलर्जीची नाहीत. कॉन्ट्रास्ट हे रक्तापेक्षा दाट असते आणि ते काही सेकंदांत, पंपाच्या दाबाने शिरेत सोडले जाते. त्यामुळे रक्तवाहिन्या क्षणभर रुंदावतात आणि ऊब, धातूची चव, ओटीपोटात गरम वाटणे, मळमळ हे सारे ओळीने होऊन एक-दोन मिनिटांत ओसरते. उलटी थोडी अधिक त्रासदायक असली तरी ती याच गटात मोडते. अशा त्रासाला आम्ही शारीरक्रियात्मक प्रतिक्रिया म्हणतो. तो मात्रेवर आणि वेगावर अवलंबून असतो, त्यामुळे पुढच्या वेळी वेग कमी केल्यास आणि आवश्यक वाटल्यास उलटीचे औषध आधी दिल्यास तो बहुधा टळतो.

अ‍ॅलर्जीसारख्या प्रतिक्रियेचे रूप निराळे असते. अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, खाज सुटते, पापण्या किंवा ओठ सुजतात, शिंका आणि खोकला सुरू होतो. ती तीव्र असेल तर घसा आवळतो, छातीत घरघर होते आणि रक्तदाब कोसळतो. येथे मात्रा गौण ठरते, कारण शरीरातील मास्ट पेशींनी हिस्टामिनसारखी द्रव्ये एकदम बाहेर टाकल्याने हा प्रकार घडतो आणि त्याला थोडेसे औषधही पुरते. तिसरा एक प्रकार म्हणजे सुई पाहून किंवा टोचल्यावर येणारी भोवळ. तिच्यातही रक्तदाब घसरतो आणि घाम फुटतो, पण नाडी मंदावते. अ‍ॅनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या तीव्र अ‍ॅलर्जीसदृश प्रतिक्रियेत, नाडी सहसा वेगाने धावते. नाडीची ही एक नोंद त्या वेळी कागदावर उतरली असती, तर पुढे पुष्कळ वाद टळले असते असे रुग्ण मी वारंवार पाहतो.

आपल्या फाइलवरील तो लाल शेरा मला निरुपयोगी वाटतो, किंबहुना अपायकारकही वाटतो, कारण त्यात औषधाचे नाव नाही, काय झाले ते नाही, किती वेळाने झाले ते नाही आणि कोणते उपचार करावे लागले तेही नाही. आपण त्या वेळचा रिपोर्ट आणि बिल शोधावे; बिलात औषधाचे नाव हमखास सापडते. ते घेऊन रेडिओलॉजिस्टना प्रत्यक्ष भेटावे, फोनवर नाही, आणि ‘गरम वाटले, एकदा उलटी झाली, गांधी नाहीत, श्वासाचा त्रास नाही’ अशी दुरुस्त नोंद लिहून मागावी. एवढ्या इतिहासावर कॉन्ट्रास्ट नाकारण्याचे किंवा आधी स्टेरॉइड देण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : आमच्या घरी रोज मासे असतात, पण थोरल्या भावाला कोळंबी खाल्ली की ओठ सुजतात. त्याला सीटी सांगितला आहे. सेंटरवर विचारले असता ‘मासळीची अ‍ॅलर्जी म्हणजे आयोडीनची अ‍ॅलर्जी, कॉन्ट्रास्ट देता येणार नाही’ असे सांगण्यात आले. हे खरे आहे का? (चेंदणी कोळीवाडा, ठाणे)

उत्तर : खरे नाही. कोळंबी, खेकडे, शेवंड यांची अ‍ॅलर्जी ही प्रामुख्याने त्यांच्या स्नायूंतील ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाची असते आणि सुरमई-बांगड्यासारख्या माशांची अ‍ॅलर्जी पार्व्हल्ब्युमिन या दुसऱ्या प्रथिनाची असते. समुद्रातील जिवांत आयोडीन असते हे खरे, परंतु अ‍ॅलर्जी त्या आयोडीनची नसते. आयोडीन हे आपल्या थायरॉइडला रोज लागणारे मूलद्रव्य आहे; तुमच्या घरातील मिठातही ते मिसळलेले असते आणि आपले बंधू तेच मीठ खात असणार.

हा समज जगभर रुजलेला आहे आणि डॉक्टर मंडळीही त्याला अपवाद नाहीत. त्याचे मूळ जुन्या निरीक्षणांत आहे : ज्यांना कोणत्याही पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे, अशा लोकांत कॉन्ट्रास्टची प्रतिक्रिया इतरांपेक्षा दोन ते तीन पटींनी अधिक आढळते. त्यात कोळंबीचे वेगळे असे स्थान नाही. शेंगदाण्याची किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनाही हेच लागू होते. मूळ धोकाच इतका कमी आहे की तिप्पट होऊनही तो कमीच राहतो, म्हणून एवढ्यावरून कॉन्ट्रास्ट नाकारले जात नाही. जखमेवर लावायच्या पोव्हिडोन आयोडीनने त्वचा लाल होत असेल तर त्याचाही येथे संबंध नाही. बंधूंना दमा आहे का, असल्यास सध्या तो आटोक्यात आहे का, हे मात्र आवर्जून सांगावे. धाप लागलेल्या अवस्थेत टेबलावर चढू नये.

प्रश्न : माझ्या पत्नीला कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वी ‘टेस्ट डोस’ दिला नाही. मी हरकत घेतली, तेव्हा ‘आम्ही देत नाही’ असे उत्तर मिळाले. पेनिसिलिनच्या आधी टेस्ट करतात, मग येथे का नाही? हा निष्काळजीपणा नव्हे काय? (कोपरखैरणे, नवी मुंबई)

उत्तर : आपला राग मी समजू शकतो, पण या बाबतीत सेंटरचे बरोबर होते. पूर्वी एक मिलिलिटर कॉन्ट्रास्ट शिरेतून देऊन काही मिनिटे वाट पाहण्याची पद्धत सर्वत्र होती आणि आपल्याकडे काही ठिकाणी ती अजून चालू आहे. ती सोडून दिली गेली याचे कारण असे की तिचे उत्तर दोन्ही बाजूंनी खोटे ठरते. टेस्ट डोस सुखरूप पचवलेल्या व्यक्तींना पूर्ण मात्रेनंतर तीव्र प्रतिक्रिया आलेल्या आहेत; उलट त्या एका मिलिलिटरनेच जीवघेणी प्रतिक्रिया आल्याच्याही नोंदी आहेत. म्हणजे धोका तर पत्करायचा आणि हाती माहिती काहीच यायची नाही.

पेनिसिलिनची चाचणी त्वचेत केली जाते आणि ती पेनिसिलिनविरुद्ध तयार झालेल्या विशिष्ट प्रतिपिंडांचा माग घेते. कॉन्ट्रास्टच्या बहुसंख्य प्रतिक्रिया अशा प्रतिपिंडांवाचूनच, मास्ट पेशींना थेट चेतवून होतात. म्हणूनच आयुष्यात पहिल्यांदा कॉन्ट्रास्ट घेणाऱ्यालाही ती होऊ शकते. ज्याला आधी कधीच त्रास झालेला नाही, त्याची सरसकट त्वचाचाचणी करूनही भविष्य कळत नाही. एकदा खरी प्रतिक्रिया येऊन गेल्यावर अ‍ॅलर्जीतज्ज्ञ जी त्वचाचाचणी करतात, तिचा हेतू वेगळा असतो. त्याविषयी पुढच्या उत्तरात लिहितो.

खरा दिलासा औषधाच्या रचनेत झालेल्या बदलातून मिळाला आहे. टोर्स्टेन आल्मेन या स्वीडिश रेडिओलॉजिस्टने १९६० च्या दशकाच्या अखेरीस असे सुचवले की, कॉन्ट्रास्टच्या रेणूवरील विद्युतभार काढून टाकला तर त्याचा दाटपणा आणि वेदना दोन्ही कमी होतील. त्यातून पुढे आयोहेक्सॉल, आयोपामिडॉल यांसारखी भाररहित औषधे आली. जपानमध्ये कातायामा आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ३ लाख ३७ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांत जुन्या औषधांनी १२.६६ टक्के, तर नव्या औषधांनी ३.१३ टक्के रुग्णांना काही ना काही त्रास झाला. तीव्र त्रासाचे प्रमाण ०.२२ टक्क्यांवरून ०.०४ टक्क्यांवर, म्हणजे दहा हजारांत सुमारे चारांवर आले. आज शिरेतून देण्यासाठी ही नवी औषधेच वापरली जातात. तेव्हा टेस्ट डोसविषयी विचारण्याऐवजी औषध कोणते आहे आणि प्रतिक्रिया आलीच तर ती हाताळायला कोण हजर आहे, हे विचारलेले बरे.

प्रश्न : वय ४४. आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर दर सहा महिन्यांनी छाती-पोटाचा सीटी करावा लागतो. मागच्या वेळी इंजेक्शननंतर पाच मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, आवाज बसला आणि घसा दाटून आला. इंजेक्शने देऊन तासाभरात बरे वाटले. पुढचा सीटी दोन महिन्यांवर आहे. कोणी म्हणतात, ‘आधी अ‍ॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिझोन देऊन करू.’ हे सुरक्षित आहे का? (ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर : आपला इतिहास पहिल्या पत्रलेखिकेपेक्षा अगदी वेगळा आहे. ही खरी अ‍ॅलर्जीसदृश प्रतिक्रिया होती, आणि घसा दाटला असल्यामुळे तिला सौम्य म्हणता येणार नाही. पूर्वी अशी प्रतिक्रिया आलेली असणे हाच पुढच्या प्रतिक्रियेचा सर्वांत मोठा सूचक आहे. त्याच जातीच्या औषधाने ती पुन्हा येण्याची शक्यता इतरांच्या सुमारे पाचपट मानली जाते. दोन महिने हातात आहेत हे चांगले झाले, कारण जे करायचे ते घाईत करण्यासारखे नाही.

पहिला विचार पर्यायाचा करावा. यकृत आणि पोटासाठी गॅडोलिनियमसह एमआरआय, आणि फुप्फुसांसाठी कॉन्ट्रास्टविना सीटी, ही जोडी आपल्या आजाराच्या तपासणीत बहुतेक वेळा समाधानकारक माहिती देते. आयोडीनच्या कॉन्ट्रास्टला आलेली प्रतिक्रिया गॅडोलिनियमला लागू होत नाही, हे मी आरंभी म्हटलेच आहे. हा निर्णय आपल्या कर्करोगतज्ज्ञांनी रेडिओलॉजिस्टशी बोलून घ्यावा. माझा कल, आपण लिहिलेल्या लक्षणांवरून, याच बाजूला आहे.

सीटीच अपरिहार्य ठरला, तर दुसरी गोष्ट औषध बदलण्याची. याआधी दिलेले औषध कोणते होते ते ठाऊक असेल तरच हे शक्य आहे, म्हणून त्या दिवशीच्या कागदांवरून आजच नाव शोधून ठेवा. शक्य असल्यास अ‍ॅलर्जीतज्ज्ञांना दाखवावे. प्रतिक्रियेनंतर साधारण एक ते सहा महिन्यांच्या अवधीत त्वचाचाचणी केल्यास कोणते औषध टाळावे आणि कोणते चालण्याजोगे आहे याचा अंदाज बांधता येतो. नाव वेगळे म्हणजे औषध वेगळे असेही दर वेळी नसते. आयोहेक्सॉल आणि आयोडिक्सॅनॉल यांच्या रेणूंवरील बाजूची साखळी सारखी आहे, आयोपामिडॉलची मात्र वेगळी आहे. त्यामुळे आयोहेक्सॉलने त्रास झालेल्याला आयोडिक्सॅनॉल देण्यापेक्षा आयोपामिडॉल देणे अधिक तर्कसंगत ठरते.

तिसरा भाग स्टेरॉइडचा, आणि येथे जरा थांबून लिहितो, कारण आपल्याकडे चालणारी पद्धत मला मान्य नाही. टेबलावर झोपवल्यावर हायड्रोकॉर्टिझोन आणि अ‍ॅव्हिल टोचून लगेच कॉन्ट्रास्ट सोडणे, यातून डॉक्टरांना आणि रुग्णाला धीर मिळतो, पण संरक्षण मिळत नाही. स्टेरॉइडचा परिणाम सुरू व्हायलाच चार ते पाच तास लागतात. म्हणून ज्या पद्धतीचा अभ्यास झालेला आहे, तिच्यात प्रेडनिसोलोन ५० मिलिग्रॅम तपासणीच्या १३ तास, ७ तास आणि १ तास आधी दिले जाते आणि शेवटच्या तासात अँटिहिस्टामिन (अ‍ॅव्हिलसारखे अ‍ॅलर्जीवरचे औषध) जोडले जाते. हे वेळापत्रक समजावे म्हणून लिहिले आहे. गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, विशेषतः मधुमेह असेल तर, कारण साखर दोन दिवस वर जाऊ शकते. एवढे करूनही काही जणांना प्रतिक्रिया येतेच, आणि ती बहुधा मागच्या वेळेइतक्याच तीव्रतेची असते. अलीकडे तज्ज्ञांचे मत स्टेरॉइडवर विसंबण्यापेक्षा औषध बदलण्याकडे झुकले आहे. युरोपातील रेडिओलॉजी संघटनेने तर पूर्व-औषधोपचाराची शिफारसच सोडून दिली आहे. आपल्यासारख्या रुग्णाचा सीटी करायचाच झाला तर तो स्वतंत्र सेंटरमध्ये न करता, अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात, दिवसाच्या वेळी आणि रेडिओलॉजिस्ट हजर असताना करावा.

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे, मधुमेही. क्रिएटिनिन १.४ आहे आणि ते मेटफॉर्मिन घेतात. पोटाचा सीटी सांगितला आहे. एका ठिकाणी ‘क्रिएटिनिन जास्त, कॉन्ट्रास्टने किडनी जाईल’ असे सांगितले, तर दुसऱ्या ठिकाणी फक्त मेटफॉर्मिन पाच दिवस बंद करायला सांगितले. (वाशी, नवी मुंबई)

उत्तर : क्रिएटिनिनचा नुसता आकडा फसवा असतो. वय आणि लिंग धरून त्यावरून मूत्रपिंडाचा गाळण्याचा दर काढतात; रिपोर्टवर तो ‘ईजीएफआर’ म्हणून छापलेला असतो. ७१ वर्षांच्या पुरुषात क्रिएटिनिन १.४ असेल तर हा दर ५४ च्या आसपास येतो. त्याच वयाच्या स्त्रीत त्याच आकड्याला तो ४० च्या आसपास येईल. शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टची खरी चिंता हा दर ३० च्या खाली असेल तेव्हा, किंवा मूत्रपिंड नुकतेच अचानक बिघडलेले असेल तेव्हा करायची असते. वडिलांचा आकडा स्थिर असेल, म्हणजे मागच्या काही महिन्यांतही तेवढाच असेल, तर त्यांना कॉन्ट्रास्ट देता येईल.

कॉन्ट्रास्टने मूत्रपिंड निकामी होते ही भीती जुन्या अभ्यासांतून आली. त्यांत कॉन्ट्रास्ट न घेतलेल्या तशाच आजारी रुग्णांशी तुलनाच केलेली नव्हती. रुग्णालयात दाखल असलेल्या माणसाचे क्रिएटिनिन संसर्गाने, पाणी कमी पडल्याने, इतर औषधांनी असे एरवीही वर-खाली होत असते. २०१३ पासून मोठ्या संख्येच्या तुलनात्मक अभ्यासांनी दाखवून दिले की, दोष पूर्वी समजला जाई त्याहून पुष्कळ कमी आहे. याचा अर्थ तो शून्य आहे असा नव्हे. दर ३० च्या खाली असलेल्यांना तपासणीच्या आधी आणि नंतर शिरेतून सलाईन देतात, आणि तेच सर्वांत उपयोगी ठरलेले आहे. अ‍ॅसिटिलसिस्टीनच्या गोळ्या आणि सोडाबायकार्ब यांचा जादा फायदा होत नाही, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिझर्व्ह’ या मोठ्या चाचणीतून स्पष्ट झाले. अँजिओग्राफीत कॉन्ट्रास्ट धमनीतून, मूत्रपिंडाच्या वरच्या बाजूला सोडले जाते, त्यामुळे तेथे धोका थोडा अधिक धरला जातो.

मेटफॉर्मिन मूत्रपिंडाला इजा करत नाही. मूत्रपिंड बंद पडले तर ते शरीरात साठते आणि रक्तात लॅक्टिक आम्ल वाढू शकते, एवढाच त्याचा कॉन्ट्रास्टशी संबंध आहे. म्हणून दर ३० किंवा त्याहून अधिक आणि स्थिर असेल तर ते थांबवण्याची गरज नाही. त्याहून कमी असल्यास तपासणीच्या वेळी थांबवून ४८ तासांनी, क्रिएटिनिन पुन्हा पाहून, सुरू करतात. पाच दिवस आधीपासून बंद ठेवण्याला आधार नाही, आणि त्यात साखर चढते ती वेगळीच. एक सूचना : मधुमेहाच्या पुष्कळ गोळ्यांत मेटफॉर्मिन दुसऱ्या औषधाबरोबर मिसळलेले असते, म्हणून गोळीच्या नावाऐवजी पाकिटावरील घटक वाचावेत. पाणी नेहमीसारखे पिऊ द्यावे, आणि अंगदुखीच्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या त्या दोन-तीन दिवसांत टाळाव्यात.

प्रश्न : सीटीनंतर सेंटरने अर्धा तास बसवून ठेवले. मी कंटाळून निघालो, काही झाले नाही. पण तिसऱ्या दिवशी छाती-पाठीवर लाल पुरळ उठले. हे कॉन्ट्रास्टचेच का? (घोडबंदर रस्ता, ठाणे)

उत्तर : असू शकते. तपासणीनंतर एक तासापासून एका आठवड्यापर्यंत उद्भवणाऱ्या प्रतिक्रियांना उशिराच्या प्रतिक्रिया म्हणतात आणि त्यांत खाजरे लाल पुरळ हेच मुख्यत्वे असते. ते बहुधा पहिल्या दोन दिवसांत दिसते आणि आठवडाभरात जाते. अँटिहिस्टामिनची गोळी आणि त्वचेवर लावायचे मलम एवढ्यावर भागते. पण त्याच दिवसांत आपण नवे प्रतिजैविक किंवा वेदनाशामक सुरू केले होते का, हेही पाहावे. दोष अंगावर घ्यायला कॉन्ट्रास्ट नेहमीच सोयीचे असते, आणि खरा गुन्हेगार औषधाच्या डब्यात राहून जातो. पुरळाबरोबर ताप आला, फोड आले, त्वचा सोलवटू लागली किंवा तोंडात-डोळ्यांत जखमा झाल्या, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. क्वचित गालाखालच्या लाळग्रंथी सुजून गालगुंडासारखे दिसते. ती सूज आपोआप उतरते.

अर्धा तास बसवण्याविषयी. जिवावर बेतणाऱ्या प्रतिक्रिया बहुतांशी पहिल्या २० मिनिटांत येतात. त्या वेळी आपण घोडबंदरच्या कोंडीत, दोन्ही बाजूंना कंटेनर असलेल्या रिक्षात असाल, तर रुग्णवाहिकाही तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. शिरेतील सुई त्या अर्ध्या तासात काढू न देणे हेही त्याच कारणासाठी असते.

प्रश्न : आमच्या घराजवळचे सेंटर रुग्णालयाला जोडलेले नाही. तेथे प्रतिक्रिया आली तर काय? संमतीपत्रावर तर ‘सर्व धोके समजले’ अशी सही घेतात. (नेरुळ, नवी मुंबई)

उत्तर : संमतीपत्रावर सही घेतल्याने कोणाचा रक्तदाब वर येत नाही. आपण तीन गोष्टी विचाराव्यात : कॉन्ट्रास्ट देताना डॉक्टर इमारतीत असतात का, अ‍ॅड्रिनलिन आणि ऑक्सिजन त्याच खोलीत हाताशी आहेत का, आणि पुढे हलवायचे झाल्यास कोणत्या रुग्णालयाशी ठरलेले आहे. उत्तर देताना कोणी रागावले तर दुसरे सेंटर पाहावे.

अ‍ॅनाफिलॅक्सिसवरचे पहिले औषध अ‍ॅड्रिनलिन हेच आहे. प्रौढांना ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, आणि गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. त्याचबरोबर रुग्णाला आडवे करून पाय उंच करणे, ऑक्सिजन आणि वेगाने सलाईन. स्टेरॉइड आणि अ‍ॅव्हिल नंतर दिले तर चालते. ते आधी देऊन वाट पाहत बसणे आणि अ‍ॅड्रिनलिनला घाबरणे, ही यातली सर्वांत महागात पडणारी चूक होय. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल, घेत असाल तर ते आधी सांगा, कारण त्या गोळ्यांमुळे अ‍ॅड्रिनलिनचा परिणाम कमी होऊ शकतो आणि डॉक्टरांना ग्लुकागॉन या पर्यायी औषधाची तयारी ठेवता येते. गोळ्या स्वतःहून बंद मात्र करू नयेत. घरी परतल्यावर श्वास अडकणे, चेहरा सुजणे किंवा भोवळ यांपैकी काही झाल्यास १०८ ला फोन करावा.

प्रश्न : आई डायलिसिसवर आहे. एमआरआयचे गॅडोलिनियम शरीरात कायमचे राहते असे वाचले. देऊ द्यावे का? (कळवा, ठाणे)

उत्तर : सुट्या स्वरूपातील गॅडोलिनियम विषारी असते, म्हणून ते एका सेंद्रिय रेणूच्या पकडीत बांधून दिले जाते. ही पकड दोन प्रकारची असते : सरळ साखळीची, जी तुलनेने सैल असते, आणि कड्यासारखी, जी घट्ट असते. १९९७ पासून मूत्रपिंड निकामी झालेल्या काही रुग्णांत त्वचा आणि सांधे लाकडासारखे कडक करणारा एक आजार दिसू लागला. २००६ मध्ये त्याचा संबंध गॅडोलिनियमशी जोडला गेला आणि दोष मुख्यत्वे सैल पकडीच्या जुन्या औषधांकडे गेला. ती टाळली जाऊ लागल्यावर हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

मेंदूत गॅडोलिनियमचा अंश उरतो हे जपानमधील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले. तोही सरळ साखळीच्या औषधांनी अधिक उरतो. या साठ्यामुळे मेंदूला इजा झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये खबरदारी म्हणून त्यांतील बहुतेक औषधांचा सर्वसाधारण वापर थांबवला. आपण ‘गॅडोटेरेट’ किंवा ‘गॅडोब्युट्रॉल’ यांसारखे कड्याच्या रचनेचे औषध मागावे आणि एमआरआय नेहमीच्या डायलिसिसच्या थोडा आधी होईल अशी वेळ घ्यावी. तपासणी खरोखर आवश्यक असेल तर, या अटींवर, मी ती नाकारणार नाही.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचे आहे. सीटीनंतर किती दिवस अंगावरचे दूध बंद ठेवू? (पनवेल)

उत्तर : बंद ठेवू नये. दिलेल्या मात्रेच्या एक टक्क्याहूनही कमी कॉन्ट्रास्ट दुधात उतरते आणि त्यातलेही एक टक्क्याहून कमी बाळाच्या आतड्यातून शोषले जाते. गॅडोलिनियमचे प्रमाण याहूनही कमी आहे. मन धजत नसेल तर आधी काढून ठेवलेले दूध एक दिवस द्यावे. पण तसे करायलाच हवे असे नाही.

प्रश्न : मला थायरॉइड आहे, रोज गोळी घेते. आयोडीनचे कॉन्ट्रास्ट चालेल का? (बेलापूर, नवी मुंबई)

उत्तर : थायरॉक्सिनची गोळी घेत असाल, म्हणजे थायरॉइड कमी असेल, तर चालेल. शंका रास्त आहे, कारण १०० मिलिलिटर कॉन्ट्रास्टमध्ये साधारण ३० ग्रॅम आयोडीन असते आणि शरीराची रोजची गरज अवघी १५० मायक्रोग्रॅम असते. सुदैवाने ते जवळजवळ सगळे रेणूत घट्ट बांधलेले राहून एका दिवसात लघवीवाटे निघून जाते. थायरॉइड वाढलेले असून आटोक्यात नसेल तर मात्र टाळावे. आणि किरणोत्सारी आयोडीनचा उपचार किंवा स्कॅन ठरलेला असेल तर त्या डॉक्टरांना आधी विचारावे, कारण कॉन्ट्रास्टनंतर सुमारे दोन महिने थायरॉइड ते आयोडीन नीट घेत नाही.

प्रश्न : इंजेक्शनच्या वेळी औषध शिरेबाहेर जाऊन हात कोपरापर्यंत सुजला. सेंटरने ‘होते असे’ म्हणून घरी पाठवले. याची तक्रार किंवा नोंद कोठे करता येते? (वागळे इस्टेट, ठाणे)

उत्तर : असे होते हे खरे आहे. पंपाचा दाब आणि नाजूक शिरा यांमुळे हजारात काही जणांच्या बाबतीत ते घडते आणि बहुतेकांची सूज हात उंच ठेवून, थंड पट्ट्या लावून एक-दोन दिवसांत उतरते. बोटे बधिर झाली, हात हलवताना वेदना वाढत गेल्या, त्वचेवर फोड आले किंवा बोटे फिकट पडली तर ते थांबण्याचे प्रकरण नसते, सर्जनना तातडीने दाखवावे लागते. घरी पाठवताना हे सांगायला हवे होते.

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी २०१० पासून भारतीय औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे आणि त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. तेथे डॉक्टरांप्रमाणे रुग्णालाही कळवता येते. ग्राहकांसाठी वेगळा अर्ज आहे आणि १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. ही नोंद कोणाला शिक्षा व्हावी म्हणून नसते. सेंटरच्या वागणुकीविषयीची तक्रार वेगळी, लेखी, आधी सेंटरच्या प्रमुखांकडे करावी. अर्ज भरताना औषधाचे नाव, बाटलीवरील बॅच क्रमांक, किती मिलिलिटर दिले, किती वाजता दिले आणि त्रास किती वाजता सुरू झाला, एवढे लागते. बॅच क्रमांक सेंटरच्या रजिस्टरमध्ये असतो, तो लेखी मागून घ्यावा. आणि सुजलेल्या हाताचा तारीख-वेळ दिसेल असा फोटो आजच काढून ठेवावा.